माथा राहिला : महाकोटाच्या दरवाज्यातला सव्वा तास

हे टिपण मुळात खुलासा म्हणून लिहिलं. डिसेंबरातल्या सहलीनंतर आठवडाभरात एका पालकांचा अर्ज आला: सहलीच्या पत्रकात दौलताबाद किल्ला लिहिला होता, पैसे घेतले, आणि किल्ला दाखवलाच नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडं लेखी उत्तर मागितलं. खरं तर उत्तर अर्ध्या पानात मावलं असतं. लिहायला बसलो आणि सात पानं झाली. त्यातली कार्यालयीन वाक्यं काढून टाकली आहेत. उरलं ते सहली नेणाऱ्या इतर शिक्षकांच्या कामी येईल म्हणून प्रकरण म्हणून मांडतो. यात चूक कोणाची हा प्रश्न नाही, चूक माझीच आहे. पण त्या चुकीतून जे हाती लागलं ते सांगण्यासारखं आहे.

पत्रक

शाळा कन्नड तालुक्यातली. नववीची ४६ मुलं, त्यांत २१ मुली. आम्ही तिघं: मी इतिहासाचा, विज्ञानाच्या बाई आणि खेळाचे सर. प्रासंगिक करारावर एक एसटी. पत्रकात ठिकाणं सहा होती: वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की. सकाळी साडेसहाला निघायचं, रात्री नऊच्या आत गावात परत.

आता हे वाचून हसू येतं. पण सहलीचं पत्रक असंच करतात. नावं जितकी जास्त तितकी वर्गणी लवकर जमते, हा आमच्याकडचा अनुभव आहे. मुलंही नावं मोजतात, "आमच्या भावाच्या सहलीला सात होती" म्हणतात.

वार मीच ठरवला. वेरूळ मंगळवारी बंद असतं, तेवढा एक वार टाळला आणि सोयीचा म्हणून शनिवार धरला. शनिवार मारुतीचा, आणि वाटेत भद्रा मारुती. श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरहून खुलताबादला रात्रभर चालत जाणारी माणसं पाहिलेला मी. डिसेंबरात श्रावणाएवढी गर्दी नसते हे खरं, पण शनिवार तो शनिवारच. हे कन्नडच्या माणसाच्या डोक्यात येऊ नये याला काय म्हणावं?

खोळंबा

वेरूळला ठरल्यापेक्षा तासभर जास्त गेला. कैलास लेण्यातून मुलं निघेनात, आणि काढावीत असंही वाटलं नाही. घृष्णेश्वराच्या रांगेत आणखी अर्धा तास. डबे उशिरा सोडले. भद्रा मारुतीचं दर्शन उरकून तीन वाजता खुलताबादहून निघालो आणि घाट उतरून दिल्ली दरवाज्याशी येऊन थांबलो.

ज्यांनी हा रस्ता केला नाही त्यांच्यासाठी थोडं. दौलताबादच्या तटबंद्या एकात एक आहेत. सगळ्यात बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, मग कालाकोट, आणि मधोमध तासून काढलेला उभा डोंगर. अंबरकोटाचा घेर इतका मोठा की आजचं गाव, शेतं, रस्ता सगळं त्याच्या पोटात आहे. वेरूळ-संभाजीनगर रस्ता अंबरकोटाच्या दिल्ली दरवाज्यातून जातो. जवळून नाही, त्याच्या कमानीतून. कमान बांधणाऱ्याच्या मनात हत्ती, घोडा, पालखी आणि बैलगाडी एवढंच होतं. आज त्यातून उसाचे ट्रॅक्टर, मालट्रक आणि पर्यटकांच्या बसा जातात, एका वेळी एक.

त्या दिवशी एक ट्रक आणि समोरून आलेली मिनीबस कमानीच्या तोंडाशी नाकाला नाक लावून उभ्या. मागं सरकायला दोघांनाही जागा नाही, कारण दोन्हीकडं शेपूट लागलेलं. आमच्या चालकदादांनी इंजिन बंद केलं, आरसे आत वळवले आणि खिडकीवर कोपर टेकवून म्हणाले, "आता दार म्हणंल तवा."

आम्ही पंचावन्न मिनिटं तिथं होतो. मुलांनी गाणी म्हटली, भेंड्या संपल्या, पेरूवाली खिडकीखाली आली, तिच्या पाटीतले पेरू संपले. मी घड्याळाकडं बघत एकेक ठिकाण मनातल्या मनात खोडत होतो. कमानीच्या कडेला गाड्या घासून दगड पांढरे पडलेत, तेवढं बाईंनी मुलांना दाखवलं. मी तेही केलं नाही. माझ्या लेखी तो वाया जाणारा वेळ होता.

तिकिटघराशी

चार वाजून वीस मिनिटांनी किल्ल्याच्या तिकीटखिडकीशी पोचलो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट लागत नाही. पंधरा पूर्ण झालेली चौघं निघाली, त्यांची आणि आमची तिकिटं काढली.

डिसेंबरात आमच्याकडं सहाच्या आत सूर्य बुडतो. माथ्यापर्यंत पायऱ्या साडेसातशेच्या आसपास, मधे खंदकावरचा पूल, मग अंधारी: डोंगराच्या पोटातून वर चढणारा काळोखा बोगदा, वळणावळणाचा, वटवाघळांच्या वासाचा. मोठी माणसं दम खात चढतात. ४६ मुलं घेऊन वर जाऊन परत यायचं तर दोन-अडीच तास धरावेच लागतात. म्हणजे उतरताना अंधारीत खरोखरचा अंधार, आणि आमच्याजवळ मोबाइलच्या तीन बॅटऱ्या.

मकबरा आणि पाणचक्की गेलीच होती, त्यावर वाद नव्हता. वाद उरला तो किल्ल्यावर. खेळाचे सर म्हणाले, धडधाकट वीस मुलं मी पळवत वर नेतो, बाकीची खाली थांबतील. त्यांनी मुलांना माथ्यावरची तोफ दाखवायचा शब्द दिला होता. बाई म्हणाल्या, मग मुली कुठल्या गटात हे आत्ताच ठरवा म्हणजे मला घरी उत्तर देता येईल. तिसरी वाट म्हणजे कोणालाच वर न्यायचं नाही. चांदमिनारापर्यंत एक फेरफटका मारायचा, फोटो काढायचे, निघायचं.

मी चौथंच बोलून बसलो: "महाकोटाच्या दरवाज्यातच थांबू." विचार करून बोललो असं आज म्हणता येईल, पण ते खरं नाही. थकलो होतो आणि जवळ होता तो दरवाजा. मोठी चूक पुढं झाली. हा निर्णय मी मुलांना नीट सांगितला नाही. "आधी इथं बघू, मग वर" असं काहीतरी पुटपुटलो. ते "मग" कधीच येणार नव्हतं, आणि पालकांच्या अर्जाचं मूळ त्या एका शब्दात आहे.

दरवाज्यात

पहिली दहा मिनिटं मी घालवली. दरवाज्याकडं पाठ करून उभा राहिलो आणि सुरू केलं: यादव राजा पाचवा भिल्लम, ११८७ च्या सुमाराला देवगिरी राजधानी, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं आणली आणि देवगिरीचं दौलताबाद केलं. सगळं बरोबर. मुलं माझ्या खांद्यावरून तटावरच्या वानरांकडं बघत होती. एक वानर पिल्लाला पोटाशी धरून चऱ्यांवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दगडी दात्यांवरून, चाललं होतं. तुघलकापेक्षा ते नक्कीच बघण्यासारखं होतं.

शेवटी आत घेतलं. दोन्ही अंगांना फुगीर बुरूज, मधे उंच कमान, कमानीत लाकडी दाराच्या भल्या मोठ्या फळ्या आणि त्यांवर बाहेर आलेले लोखंडी अणकुचीदार खिळे. मुलं खिळ्यांना हात लावून बघतात, सगळेच बघतात. हत्ती डोकं लावून दार पाडायचे म्हणून खिळे, हे बहुतेकांना ठाऊक होतं. इथून माणसं सहसा पाच मिनिटांत पुढं जातात.

दार ओलांडून चौकात आलो आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्गात वर्षभरात दोनदा बोलला असेल, म्हणाला, "सर, पुढचं दार कुठंय?"

समोर भिंत होती. उंच, काळी, तटाचीच. भोवती देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या ओवऱ्या. त्यांत आता तोफा मांडून ठेवल्यात. पुढचं दार होतं, पण समोर नव्हतं. ते वळल्याशिवाय सापडत नाही. त्याच्या पुढचं दार परत वेगळ्या तोंडाचं. मी या दरवाज्यातून वीसेक वेळा तरी गेलो असेन. पुढं कुठं वळायचं हे पायांना पाठ झालं होतं, म्हणून वळण आहे हे डोळ्यांना कधी दिसलंच नाही.

मग मी बोलणं थांबवलं. मुलांचे दोन भाग केले. निम्मी आत, देवड्यांच्या कडेनं उभी. त्यांनी जागचं हलायचं नाही, फक्त टाळ्या वाजवत मोठ्यानं आकडे मोजायचे. निम्मी बाहेर, त्यांनी चारचारची रांग करून, हात धरून, पहिल्या दारातून पळत यायचं आणि पुढचं दार गाठायचं. हात सुटला की तो मेला.

पहिल्या खेपेला पुढची रांग सुसाट आत आली, भिंत बघून थबकली, मागची रांग तिच्यावर आदळली, तिच्यावर तिसरी. कोणी डावीकडं ओढतंय, कोणी उजवीकडं. हात सुटून निम्मी सेना चौकातच मेली. उरलेली पुढच्या दाराला लागेपर्यंत मोजणी चौतीसवर गेली होती. दुसऱ्या खेपेला वाट माहीत होती, तर अठरात झालं. हल्लेखोर खूश. तेवढ्यात देवडीजवळची एक मुलगी म्हणाली, "पण सर, आम्ही तर हललोच नाय."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. तटाच्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली तिरकी भोकं, चऱ्या, देवड्या, दाराची वाकडी तोंडं, या सगळ्यांची व्याख्या मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. आत असलेल्यानं हलायचं नाही आणि बाहेरून येणाऱ्याला जागोजाग थांबायला लावायचं, एवढंच त्यातलं गणित आहे. हत्तीलाही धाव घ्यायला सरळ जागा लागते. वळणावर ती मिळत नाही, मग दुसऱ्या दाराशी तो नुसता मोठा जनावर उरतो.

इथं शिट्टी वाजली. आमच्या आरडाओरड्यानं पहारेकरी आले होते, आणि एक पोरगा तोफेवर घोड्यासारखा बसला होता. त्यांनी रागावणं रास्तच होतं. पोराला उतरवलं, मी माफी मागितली, आवाज कमी करतो म्हणालो. ते गेले नाहीत. कडेला उभे राहिले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "इथं सगळे एकच विचारतेत, वर किती वेळ लागतो. खाली थांबलेलं कोणी बघितलं नव्हतं."

गाडी

मला सगळ्यात आवडलेला भाग पुढं आहे आणि त्यात माझं काहीच नाही.

वर्गात एक मुलगा आहे, त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. दोन हंगाम तोही टोळीबरोबर होता, म्हणून एक वर्ष मागं आहे. तो चौकाच्या मध्यावर उभा राहून दोन्ही दारांकडं आळीपाळीनं बघत होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "लादलेली गाडी कशी वळवत आसतील?"

मी म्हटलं, करून बघ.

त्यानं दोन पोरं बैल म्हणून घेतली, त्यांच्या खांद्यावर एका मुलीची ओढणी जू म्हणून टाकली. मागं चौघं दोन-दोनच्या ओळीत, ती साटी, म्हणजे माल लादायचा गाडीचा सांगाडा. "एकमेकांना चिकटून ऱ्हा, गाडी वाकत नसती," असं त्यांना बजावलं. स्वतः पुढं येऊन कासरा धरल्यासारखा उभा. पहिल्या दारातून सरळ आले. वळताना आतल्या अंगाच्या बैलाला त्यानं जवळजवळ जागीच उभं केलं आणि बाहेरच्याला मोठा फेरा घ्यायला लावला. "ह्यो थांबल तवाच त्यो फिरतो." तरी मागची साटी भिंतीला लागली. परत पुढं, परत थोडं आत. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी दुसऱ्या दाराच्या तोंडाशी आली.

"वळती," तो म्हणाला, "पण रेटून न्हाई. बैलाला मागं सरकायला सांगितलं तर त्यो ऐकत न्हाई. आन् समोरून दुसरी आली तर संपलं. एकाला जू सोडूनच काढावं लागंल."

आणि मग बैल झालेल्यांतला एक, ओढणी खांद्यावर तशीच ठेवून: "म्हंजे दुपारसारखंच की."

दुपारचा तो पाऊण-एक तास आमच्या सहलीत असा परत आला. दिल्ली दरवाज्यात ट्रक आणि मिनीबस जिथं अडकल्या तिथं मुलं स्वतः बसली होती, पेरू खात. दार म्हणजे काय हे त्यांना आधीच भेटलं होतं, मी ते खोळंबा म्हणून सोडून दिलं होतं. मग प्रश्नांना खंड नाही. गाडी थांबली की कोण बघायला येत असेल? देवडीतले लोक काय तपासत असतील? पैसे घेत असतील का? नाका असतो तसा? हो, तसाच. जकात हा शब्द त्यांच्या आजोबांना माहीत आहे, त्यांना टोलनाका माहीत आहे. संध्याकाळी दार बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्याचं काय? मोठं दार रात्री कोणासाठी उघडत नसत, त्याच्या अंगात एक लहान दिंडी ठेवायची रीत असे, एका माणसानं वाकून आत यावं एवढी. हे सांगितलं तर एक जण लगेच म्हणाला, वाकला की मान पुढं. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

सुताराची मुलगी एव्हाना दाराच्या फळीमागं गेली होती. ती बिजागऱ्या शोधत होती. जुन्या दारांना आपण ओळखतो तशा बिजागऱ्या नसतात. फळीच्या कडेचं लाकूडच वर-खाली खुंटीसारखं पुढं येतं आणि दगडातल्या खळग्यात फिरतं. तिच्या आजोळच्या वाड्याला तसंच दार आहे म्हणे, आणि उन्हाळ्यात त्या खळग्यात तेल सोडायचं काम तिच्याकडं असतं. मागून आडवा टाकायचा तो अडसर, त्याची भोकं भिंतीत असतात, हेही तिनंच बाकीच्यांना सांगितलं. ती सांगत असताना मी मागं उभा होतो. बाईंनी फोटो काढला, त्यात मी नाही.

दार पाडलं कोणी?

सव्वापाचच्या सुमाराला उजेड पिवळा झाला आणि कोणीतरी विचारलंच: एवढं सगळं होतं तर किल्ला पडला कसा? दार कोणी पाडलं?

आता माझी सनावळी कामाला आली. १२९६ मध्ये खिलजी आला तेव्हा रामदेवराव यादव किल्ल्यात शिरला, फौज मुलाबरोबर दूर होती. फिरिश्ता या इतिहासकारानं दिलेली हकिकत अशी की, घाईघाईनं आत नेलेली पोती धान्याची समजली होती, उघडली तर मिठाची निघाली. राजाला तह करावा लागला. पुढं १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानानं वेढा घातला तेव्हा निजामशाहीच्या बाजूनं आत होता मलिक अंबरचा मुलगा फतेहखान. मोगलांनी दाराशी डोकं फोडलं नाही. तटाखाली सुरुंग लावून आधी अंबरकोट फोडला, मग महाकोट. आत अन्न संपत आलेलं. फतेहखानानं किल्ला दिला.

मुलं गप्प होती. मग तो मागच्या बाकावरचा म्हणाला, "म्हणजे दार पडलंच नाही." मी हो म्हटलं. दुसऱ्यानं विचारलं, मिठाची पोती कोणी ठेवली होती, त्याला काय शिक्षा झाली? त्याचं उत्तर इतिहासात सापडत नाही. पण प्रश्न मुलांना सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि बसमध्ये त्यावर गावापर्यंत भांडणं चालली.

निघताना पाच मिनिटं चांदमिनार लांबून बघितला. १४४५ चा, बहमनी सुलतान अल्लाउद्दीनाच्या काळातला. तांबूस उजेडात छान दिसत होता. त्यावर मी काही बोललो नाही. मुलंही बघत नव्हती, ती शौचालयाच्या रांगेत होती.

तक्रार

सगळी मुलं खूश होती असं लिहिलं तर खोटं ठरेल. पाच-सहा जण खेळात आलेच नाहीत, बाहेर कठड्यावर बसून राहिले. माथ्यावरची तोफ बघायला मिळणार म्हणून मोठ्या भावाचे बूट घालून आलेला एक मुलगा परतीच्या वाटेवर एका शब्दानं बोलला नाही. खेळाचे सरही नाराज होते. त्यांचा मुद्दा आजही मला खोडता येत नाही: यांतल्या कितीतरी मुलांना परत इथं कोण आणणार? आयुष्यात एकदा दौलताबाद, आणि तेही दारातून परत.

पालकसभेत अर्ज देणाऱ्या ताई आल्या होत्या. रोजावर जातात. म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी म्हणती दरवाजा दाखवला. दरवाजा आमच्या घराला बी हाय." सगळे हसले, मीही. मग मी दहा मिनिटं इतिहासशिक्षणाच्या पद्धतीवर बोललो, जे बोलायला नको होतं. त्यांना पद्धत नको होती. पत्रकात लिहिलेलं आणि दिलेलं यांत फरक पडला तर तो कोणीतरी मान्य करावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. शेवटी ते मान्य केलं, तेव्हा त्या बसल्या. पैसे परत मागितले नाहीत.

माझं मत

निर्णय बरोबर होता का, याचं मी तीन तुकड्यांत उत्तर देतो, कारण ते एकात बसत नाही.

अंधारीत संध्याकाळी मुलं न नेण्याचा निर्णय बरोबर होता. त्यावर मला दुसऱ्यांदा विचार करावासा वाटत नाही. वीस निवडून पळवत न्यायची कल्पना तर त्याहून वाईट होती. वर गेलेले आणि खाली राहिलेले अशी वर्गाची फाळणी पुढं वर्षभर टिकली असती.

दरवाज्यात थांबण्याचा निर्णय बरोबर ठरला. ठरला, मी घेतला नव्हता. मागच्या बाकावरच्या मुलानं दार कुठंय विचारलं नसतं तर मी तुघलकावरच राहिलो असतो आणि मुलं वानरांवर. गाडीचा प्रश्न ज्याला पडला त्याला तो पडण्याचं कारण माझ्या पाठ-टाचणात कुठं नाही. ते उसाच्या फडात आहे.

तिसरा तुकडा म्हणजे मुलांना न सांगणं, आणि तिथं मी सरळ चुकलो. तिकीटखिडकीशी दोन मिनिटं उभं राहून सांगायला हवं होतं: वर जाता येणार नाही, कारण हे, आणि त्याऐवजी हे करू. रुसली असती. पण "मग वर" या आशेवर सव्वा तास ठेवलेली मुलं बसमध्ये चढताना जशी बघत होती, तशी बघितली नसती.

आणखी एक गोष्ट, जी खुलाशात लिहिली नव्हती. दरवाजा हे किल्ल्यातलं एकच ठिकाण असं आहे की तिथं थांबणं हाच त्याचा मूळ उपयोग. महाल राहायला, मिनार लांबून दिसायला, आणि दरवाजा अडवायला. आपण तिथून सगळ्यात घाईनं जातो. मीही वीसदा तसाच गेलो होतो.

यंदा

यंदाची सहल बुधवारी आहे. क्रम उलटा केलाय: आधी दौलताबाद, किल्ला उघडतो तेव्हाच, मग वेरूळ. दरवाज्यात दीड तास. त्यानंतर ज्यांना चढायचंय त्यांना खेळाचे सर माथ्यावर नेतील, दिवसाउजेडी. तोफ या वेळी त्यांच्या पत्रकात आहे. कासरा धरायला मागच्या वर्षीचा तो मुलगा नाही, तो दहावीत गेला. पण त्यानं मला बजावलंय की ओढणी नको, दोरी न्या, ओढणी घसरते.

दिल्ली दरवाज्याच्या अलीकडं बस थांबवून मुलांना कमानीतून चालत न्यावं असं माझ्या मनात होतं. वाहत्या रस्त्यावर ४६ मुलं उतरवायला मुख्याध्यापिकाबाईंनी साफ नकार दिला, आणि त्या बरोबर आहेत. खिडकीतून बघतील.

संमतीपत्रकात ठिकाणांची नावं दोनच आहेत. वर्गणी जमायला या वेळी बारा दिवस जास्त लागले.